नवीन फर्निचरचा वास गेला, पण गॅस गेला का? प्लाय, पॉलिश आणि पेंटमधून घरात काय येतं ते सोप्या भाषेत

दसरा-दिवाळी जवळ आली की सोसायटीत कटर आणि ड्रिलचे आवाज सुरू होतात, कोणाला नवीन फ्लॅटचं पझेशन मिळालेलं असतं, कोणाचं जुनं किचन तोडून मॉड्युलर होत असतं, आणि मग ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो की फर्निचर झालंय, रंग झालाय, पण डोळे चुरचुरतात, तर किती दिवसांनी राहायला जाऊ? उत्तरंही ठरलेली असतात. आठ दिवस पंखे लावून ठेवा, कांदे कापून कोपऱ्यात ठेवा, आम्ही तर रंग ओला असतानाच राहायला आलो होतो काही झालं नाही.

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण घरात बाळ असेल, दम्याचं माणूस असेल तर चुकीच्या उत्तराची किंमत ते मोजतात. आणि अडचण अशी आहे की सगळेजण वासावरून अंदाज बांधतात, वास आहे तोवर धोका, वास गेला की काम झालं. तसं ते नाहीये.

वास येतो म्हणजे नक्की काय येतं

पेंट, थिनर, पॉलिश, गोंद, सीलंट यांच्यात अशी कार्बनयुक्त रसायनं असतात जी घरातल्या नेहमीच्या तापमानालाच उडून हवेत मिसळतात. त्यांना एकत्रितपणे व्हीओसी म्हणतात, पेंटच्या डब्यावर 'लो व्हीओसी' लिहिलेलं असतं ते हेच. टोल्युइन, झायलीन, टर्पेंटाईनमधली हायड्रोकार्बनं, सगळी यातच येतात. सगळी सारखीच वाईट असं नाही, काहींनी फक्त डोकं दुखतं, काही जास्त गंभीर आहेत.

त्यातलं एक नाव मात्र वेगळं लक्षात ठेवायचं, फॉर्माल्डिहाईड. मेडिकल कॉलेजमध्ये शरीराचे नमुने ज्या फॉर्मालिनमध्ये ठेवतात ते म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्माल्डिहाईड. एकट्याने बघितलं तर हा एक रंगहीन, झोंबणारा वायू आहे. घरात तो येतो मुख्यतः रंगातून नाही तर बोर्डातून, म्हणजे प्लायवूड, लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड आणि लाकडाच्या बारीक तंतूंचा एमडीएफ. आणि लोक नेमकं याच्याकडे दुर्लक्ष करतात कारण बोर्ड तर कोरडा दिसतो, त्याला कुठे काय ओलं आहे.

रंगाचं काम लवकर आटपतं, बोर्डाचं नाही

रंगातलं द्रव्य उडून जायचंच असतं, ते उडतं म्हणून तर रंग वाळतो. त्यामुळे पहिल्या दोन-चार दिवसात भसकन बाहेर पडतं आणि पुढच्या काही आठवड्यात बरंचसं संपतं. पाण्यात कालवलेल्या इमल्शनमध्ये ते मुळातच कमी, ऑइल पेंटमध्ये खूप जास्त. युरोपात कायद्याने घातलेली मर्यादा बघितली तर फरक कळतो, आतल्या भिंतीच्या मॅट वॉटर-बेस पेंटला लिटरमागे ३० ग्रॅम, आणि दारं-खिडक्यांच्या सॉल्व्हंट-बेस पेंटला लिटरमागे ३०० ग्रॅम. म्हणजे भिंतीला इमल्शन आणि दारांना ऑइल पेंट असं आपण करतो तेव्हा घरातला उग्र वास बहुतेक त्या दारांचा आणि ग्रिलचा असतो.

बोर्डाची गोष्ट वेगळी आहे. लाकडाचे पातळ पदर किंवा भुसा एकमेकांना चिकटवायला गोंद लागतो आणि स्वस्तातला गोंद म्हणजे युरिया-फॉर्माल्डिहाईड रेझीन, कमर्शियल किंवा एमआर (फक्त ओलावा सहन करणाऱ्या) ग्रेडच्या प्लायमध्ये आणि बऱ्याचशा पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफमध्ये तोच असतो. गरम प्रेसमध्ये तो घट्ट होतो पण थोडं फॉर्माल्डिहाईड मोकळं शिल्लक राहतं, ते सुरुवातीला बाहेर येतं. खरा त्रास पुढचा आहे. पावसाळ्यात गुळाची ढेप हवेतला ओलावा ओढून पाघळायला लागते ना, तसा हा गोंद ओलाव्याने आणि उष्णतेने आतून हळूहळू सुटत राहतो आणि सुटताना परत फॉर्माल्डिहाईड सोडतो. म्हणून हे आठ दिवसात संपत नाही, महिनोन् महिने आणि कधी काही वर्षं चालतं, कमी होत होत.

हे अंदाजाने नाही सांगत. अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना वादळाने लाखो लोक बेघर झाले तेव्हा सरकारने त्यांना राहायला ट्रेलर दिले, आत सगळीकडे स्वस्तातल्या बोर्डाचं काम. लोकांचे डोळे जळायला लागले, श्वास लागायला लागला, बरीच आरडाओरड झाल्यावर तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेने डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये ५१९ ट्रेलर तपासले. सरासरी ७७ पीपीबी निघाली, म्हणजे हवेच्या अब्ज भागांमध्ये ७७ भाग फॉर्माल्डिहाईड, आणि सगळ्यात वाईट ट्रेलरमध्ये ५९०. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा साधारण ८० पीपीबी आहे. आणि हे वादळानंतर दोन वर्षांनी, भर थंडीत, जेव्हा बोर्ड सगळ्यात कमी वायू सोडतो.

शरीराला काय होतं

ताबडतोब होणारं म्हणजे डोळे चुरचुरणं, नाकातून पाणी, घसा खवखवणं, डोकं जड होणं. घराबाहेर पडलं की बरं वाटतं आणि परत आलं की सुरू, ही खूण बघा, सर्दी असेल तर ती ऑफिसमध्येही तुमच्यासोबतच येते. दमा असलेल्यांना अटॅक येऊ शकतो, काहींच्या त्वचेवर ॲलर्जी उठते. लहान मुलांची जास्त काळजी का, तर वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि घरातच जास्त वेळ असतात.

आता कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २००४ मध्ये फॉर्माल्डिहाईडला गट १ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतं याचा पुरेसा पुरावा आहे, आधी नाकामागच्या घशाच्या कॅन्सरसाठी आणि पुढे रक्ताच्या कॅन्सरसाठीही. पण हे वाचून घाबरून जाऊ नका, नीट समजून घ्या. गट १ म्हणजे "कॅन्सर करू शकतं हे नक्की", "किती प्रमाणात किती धोका" हे तो गट सांगत नाही. पुरावा मुख्यतः कारखान्यातले कामगार आणि मृतदेह टिकवण्याचं काम करणारे यांच्यावरून आलाय, जे वर्षानुवर्षं आपल्या बेडरूमपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात श्वास घेत होते. घरात राहणाऱ्याला रोजचा त्रास होतो तो मुख्यतः डोळे-नाक-श्वासाचा, आणि तो टाळण्यासाठी मर्यादा पाळली तर कॅन्सरचाही धोका अगदी कमी राहतो असं आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे.

कोणीतरी म्हणेलच की फॉर्माल्डिहाईड तर आपल्या शरीरातही तयार होतं. हो होतं, पेशींच्या रोजच्या कामात तयार होतं आणि शरीर ते लगेच मोडूनही टाकतं. पण बाहेरून येणारं पहिलं आदळतं ते डोळ्यांवर आणि नाकाच्या अस्तरावर, आणि त्रास तिथेच सुरू होतो.

"बोर्डावर ई-१ लिहिलंय ना, मग झालं"

ई-१ हा बोर्ड किती फॉर्माल्डिहाईड सोडतो त्याचा युरोपातून आलेला दर्जा आहे. ई-१ म्हणजे चाचणीत हवेतलं प्रमाण ०.१ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांमध्ये किती भाग) आत राहिलं, म्हणजे १०० पीपीबी. दुकानदार सांगतो ई-१ आहे साहेब एक्सपोर्ट क्वालिटी, आणि आपल्याला वाटतं झालं. ई-१ वाईट नाहीच, घ्यायचाच असेल तर किमान तोच घ्या. पण ती चाचणी कशी होते ते बघा, मला हे कळल्यावर मी किचनचं कोटेशन वाचायची पद्धतच बदलली.

चाचणीच्या पेटीत २३ अंश तापमान ठेवतात, ४५ टक्के आर्द्रता, दर तासाला आतली सगळी हवा एकदा बदलतात, आणि एक घनमीटर हवेमागे एक चौरस मीटर बोर्ड ठेवतात. आता तुमची बेडरूम घ्या, दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. त्यात वॉर्डरोब, वरती लॉफ्ट, स्टोरेजवाला बेड, टीव्ही युनिट, एक स्टडी टेबल, सहज आठ बाय चारच्या १० शीट जातात. एका शीटची एक बाजू साधारण तीन चौरस मीटर, दोन्ही बाजू धरून १० शीटचे ६० चौरस मीटर झाले. म्हणजे चाचणीच्या जवळजवळ दुप्पट बोर्ड, वर मुंबई-कोकणातली ३० अंशाची दमट हवा, आणि रात्रभर दार-खिडकी बंद करून एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं, तो खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो.

हो, यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ज्या बाजूला लॅमिनेट दाबून चिकटवलंय तिथून वायू खूप कमी येतो. मग येतो कुठून? नवीन वॉर्डरोबचं दार उघडा आणि कब्जा बसवलाय ती जागा बघा. शटरमध्ये ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं, कडेला बोर्डाचा भुसा उघडा दिसतो, बोट फिरवलं तर हाताला लागतो. मग शेल्फच्या मागच्या कडा बघा, वायर जायला पाडलेली भोकं, ड्रॉवरच्या तळाची फळी, भिंतीकडची बाजू जिथे "दिसत नाही म्हणून" काहीच लावलेलं नाही. सगळं कच्चं. बंद कपाट चार दिवसांनी उघडल्यावर जो भपकारा येतो तो इथून येतो.

आणि आयएसआय मार्कबद्दल, प्लायवरचे आयएस ३०३ किंवा मरीनचे आयएस ७१० हे मुख्यतः मजबुती आणि पाण्यात टिकण्याबद्दल आहेत, ते असायलाच पाहिजेत, पण वायू किती सोडतो त्याचा दर्जा वेगळा विचारायचा आणि बिलावर लिहून घ्यायचा. एक उपयोगाची गोष्ट अशी की उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या बीडब्ल्यूपी प्लायमध्ये सहसा फिनॉल-फॉर्माल्डिहाईडचा गोंद असतो, नाव सारखं वाटलं तरी त्याची पकड पाण्याने सुटत नाही त्यामुळे वायूही बराच कमी सोडतो.

"पण आता तर वास येत नाही"

दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे खरंच कमी झालाय, चांगलं आहे. दुसरं म्हणजे नाकाला सवय झालीये, अर्धा तास त्याच खोलीत बसलं की नाक सांगायचं थांबतं, म्हणून बाहेरून आलेल्या पाहुण्याला वास येतो आणि आपल्याला नाही. शिवाय फॉर्माल्डिहाईडचा वास कोणाला लवकर येतो कोणाला उशिरा, माणसामाणसात खूप फरक आहे, आणि थिनरचा उग्र वास उतरला की लोक सगळंच संपलं समजतात. गाद्या, पडदे, सोफा या गोष्टी वाफ शोषून ठेवतात आणि नंतर परत सोडतात हे पण आहे, म्हणून पॉलिश चालू असताना घरात गाद्या आणून ठेवू नका.

हजार-दोन हजाराचे मीटर ऑनलाइन मिळतात त्यांच्यावरही फार विसंबू नका, सॅनिटायझर किंवा परफ्यूम मारला तरी त्यांचा आकडा उड्या मारतो.

"झाडं ठेवलीत, प्युरिफायरही लावलाय"

झाडांची गोष्ट नासाच्या १९८९ च्या अभ्यासावरून पसरली. तो अभ्यास खरा आहे पण छोट्या हवाबंद पेटीत केलेला. २०१९ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा निघालं की इमारतीत साध्या हवा खेळण्याने जेवढं होतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मनीप्लांट जरूर ठेवा, छान दिसतो, पण खिडकीचं काम त्याच्यावर सोपवू नका. कापलेल्या कांद्याने कांद्याचा वास वाढतो, गॅस कमी होत नाही.

प्युरिफायरमधला हेपा फिल्टर धूळ-धूर पकडतो, वायू त्यातून सरळ निघून जातो. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा जाडसर थर असेल तर बाकीच्या वाफा पकडल्या जातात पण साध्या कार्बनवर फॉर्माल्डिहाईड नीट बसत नाही, त्यासाठी खास प्रक्रिया केलेला कार्बन लागतो आणि तोही भरला की बदलावा लागतो.

वास घालवायला धूप, उदबत्ती लावणं तर उलटंच. जळताना धूर करणाऱ्या बहुतेक गोष्टी फॉर्माल्डिहाईड सोडतात. डासांच्या कॉइलवर २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात एका कॉइलमधून ५१ सिगारेटींएवढं फॉर्माल्डिहाईड निघू शकतं असं दिसलं. नवीन फर्निचरच्या बंद खोलीत कॉइल लावून बाळाला झोपवू नका, मच्छरदाणी लावा.

"आधीच्या लोकांच्या घरात पण लाकूडच होतं की"

होतं, पण ते सागाचं अख्खं लाकूड होतं, भिंतीला चुना होता, कौलांच्या फटीतून हवा येत जात होती, आणि सामान म्हणजे एक लोखंडी कपाट, एक पलंग आणि पत्र्याच्या ट्रंका. आता आपण खोली लहान केली, सामान बोर्डाचं केलं आणि वर ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या घट्ट लावून एसी चालवला. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने गेल्या.

जुन्या घराचा वेगळा धोका म्हणजे जुन्या ऑइल पेंटमधलं शिसं. आपल्याकडे घरगुती पेंटमध्ये शिशाची ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचे रंगाचे थर खिडक्या-ग्रिलवर असतील तर ते कोरडे घासू नका आणि ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नका, ओलं करून घासा आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

मग करायचं काय

सगळ्यात मोठा फरक पडतो तो बोर्ड कमी वापरल्याने. किचनमध्ये कडप्प्याचे कप्पे, स्टीलच्या ट्रॉली आणि फक्त शटर प्लायचे, ही आपल्याकडची जुनी पद्धत या बाबतीत अगदी उत्तम आहे आणि वाळवीची भीतीही कमी. बेडरूममध्ये लोखंडी कपाट चालतं. छतापर्यंत लॉफ्ट खरंच लागतोय का हे विचारा. जिथे बोर्ड लावायचाच तिथे आतली बाजू, पाठ, सगळ्या कडा लॅमिनेट किंवा एज बँडने (कडेला चिकटवायच्या पट्टीने) बंद करायला सांगा, कब्ज्याची आणि वायरची भोकं सील करायला सांगा, सुतार म्हणेल आतून कोण बघतंय, तरी सांगा. कोटेशनमध्ये ही ओळ आधीच घातली तर नंतर वाद होत नाहीत.

वेळ जमवता आली तर काम फेब्रुवारी-मार्चमध्ये संपवा आणि एप्रिल-मे सगळी दारं, कपाटं, ड्रॉवर उघडे टाकून, समोरासमोरच्या खिडक्या उघडून जाऊ द्या, उन्हाळ्याची उष्णता वायू बाहेर काढते आणि वारा घेऊन जातो. बंद करून तापवू नका, मग तोच पडद्यात जाऊन बसतो. गणपती-दसऱ्याच्या मुहूर्तासाठी भर पावसात खिडक्या लावून पॉलिश करून घेणं हे सगळ्यात वाईट.

भाडं आणि ईएमआय दोन्ही चालू असताना महिनोन् महिने थांबणं सगळ्यांना जमत नाही हे मला माहितीये. मग निदान असं करा की बाळ, गरोदर बाई आणि दम्याचं माणूस यांची झोपायची खोली सगळ्यात कमी फर्निचरची ठेवा आणि तिचं काम सगळ्यात आधी उरकून घ्या. एसी लावायच्या आधी अर्धा तास सगळं घर उघडं ठेवा आणि रात्री खिडकी दोन बोटं उघडी राहू द्या, बिल थोडं वाढेल. आधीच राहायला गेला असाल तरी कच्च्या कडा आजही सील करता येतात, उशीर झालेला नाही.

आणि जे हे काम करतात त्यांचं काय

आपण या वाफेत महिनाभर असतो, रंगारी आणि पॉलिशवाले आयुष्यभर. आयएआरसीने रंगकामाचा व्यवसायच गट १ मध्ये ठेवलाय, आणि लाकडाचा भुसासुद्धा. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशमध्ये ते घट्ट व्हायला जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांपैकी ते एक. एकदा शरीर त्याला बिथरलं की नंतर अगदी थोड्या मात्रेनेही अटॅक येतो आणि माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. आणि हे पॉलिश बहुतेक वेळा बंद खोलीत मारलं जातं, धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने वाफ अडत नाही. एन-९५ नेही नाही, तो कणांसाठी असतो.

घरमालक म्हणून आपल्या हातात बऱ्याच गोष्टी आहेत. शटर घरात न फवारता कारखान्यात, स्प्रे बूथमध्ये पॉलिश करून आणायला सांगता येतात. पीयूऐवजी लॅमिनेट घेता येतं. घरातच करायचं असेल तर वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क आपण विकत आणून द्यायचा, लाखांच्या इंटिरियरमध्ये तो खर्च कळतही नाही. त्याचं कार्ट्रिज ठरलेल्या तासांनी बदलायचं असतं, वास येईपर्यंत थांबायचं नाही, कारण आयसोसायनेटचा वास धोक्याच्या पातळीच्या बराच वर गेल्याशिवाय येत नाही. आणि रात्री त्याच घरात, थिनरच्या उघड्या डब्यांशेजारी कामगारांना झोपायला लावू नका, बऱ्याच साइटवर हे चालतं, त्यांची झोपायची सोय कुठे आहे हे कंत्राटदाराला काम देतानाच विचारा.